मृणालिनीचं पुढचं

मृणालिनीनं विहिरीत उडी घेतली, साप्ताहिकाचा तो अंक तांडापेठेत शुक्रवारी आला आणि शनिवारी दुपारी अनुसयानं तो बायकांना वाचून दाखवला.

सन अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट. हातमागाचे दिवस ओसरत चालले होते, तरी गल्लीतल्या बऱ्याच घरांतून मागाचा खटखटाट दिवसभर चालू असायचा. जेवणं आटोपली की शेजारच्या बायका आपापला चरखा उचलून अनुसयाच्या ओसरीवर येत आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसत. हात कामात, कान मोकळे. अनुसया सातवी शिकलेली, आवाज स्वच्छ. म्हणून तिच्या वाट्याच्या कांड्या बाकीच्या जणी वाटून घेत आणि ती वाचत असे. तिचा नवरा ईश्वरदास चौकातल्या वाचनालयातून साप्ताहिक एका रात्रीच्या बोलीनं आणायचा.

त्या साप्ताहिकात वर्षभर मृणालिनीची कादंबरी क्रमशः चालली होती. पुण्याच्या वकिलाची मुलगी, कोकणातल्या बड्या घरात दिलेली. नवरा संशयी, सासू विखारी, बाप वारलेला. बायकांनी कोकण पाहिलं नव्हतं. पण मृणालिनी, त्यांच्या तोंडची मिरनाली, कधीच त्यांच्या गल्लीतली झाली होती. ती उपाशी राहिली की प्रयागबाई सासूला शिव्या घालायची.

वाचून झालं. मग प्रयागबाईनं विचारलं, "पुढच्या हप्त्यात कोणी काढते का तिले बाहेर?"

"पुढचा हप्ता नाही, मावशी. खाली समाप्त लिहिलं आहे."

गोपिकाचा चरखा थांबला होता. गोपिका अनुसयाची शेजारीण, मधली भिंत दोघींची एकच. तिचा नवरा बळीराम गिरणीत पाळीनं जायचा, आणि रात्रपाळी नसली की त्या भिंतीतून काय काय ऐकू येई, हे अनुसयाला ठाऊक होतं. गल्लीलाही ठाऊक होतं. गोपिका फार बोलत नसे. त्या दिवशी मात्र म्हणाली, "लिवणाऱ्याले पुढचं सुचलं नसन. सुचलं नाही म्हणून मारून टाकली."

"मंग काय करावं त्यानं?" अनुसया म्हणाली.

"मले काय मालूम, वहिनी. तुले वाचता येते, तुलेच सुचन."

रात्री अनुसयाला झोप लागेना. सकाळी तिनं ईश्वरदासकडून कोरे कागद मागून घेतले आणि चुलीवर डाळ शिजत असताना लिहायला बसली. मृणालिनी बुडाली नाही, एका गुराख्यानं तिला बाहेर काढलं, ती शुद्धीवर आली, नवऱ्याला पश्चात्ताप झाला आणि दोघं सुखानं नांदू लागली. एवढंच. दोन पानंसुद्धा भरली नाहीत.

दुपारी तिनं ते भीत भीत वाचलं. बायका शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"इतक्या लौकर?" तुळजाबाई म्हणाली. "वर्षभर मारत होता, अन् आता एकदम पाया पडते?"

"हे काही जमलं नाही वं," प्रयागबाई म्हणाली. "पण जिती केली हे चांगलं केलं. अजून लिव."

अनुसयाला राग आला, आणि त्याच रागात ती पुन्हा लिहायला बसली. सुरुवातीला ती छापलेल्या लेखकासारखं लिहायला जायची. 'तद्वत', 'किंबहुना' असले शब्द घालायची, मृणालिनीच्या तोंडी पुणेरी बोलणं घालायची. ते वाचताना तिची तिलाच जीभ अडखळायची. मग तिनं ते सोडलं. मृणालिनी हळूहळू साधं बोलू लागली. एकदा ती सासूला म्हणाली, "मी काय दगड आहे का?" तेव्हा ओसरीवरच्या सगळ्या बायका एकदम मागे सरकून बसल्या. तो दिवस अनुसया पुढं कित्येक वर्षं विसरली नाही. आपण लिहिलेल्या एका ओळीनं माणसं हलतात, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

मग ते चालूच राहिलं. आठवड्यातून दोनदा, तीनदा. साप्ताहिकात दुसरी कादंबरी सुरू झाली होती, ती कोणी वाचायला सांगेना. बायकांच्या फर्माइशी सुरू झाल्या. प्रयागबाईला सासूला लकवा व्हायला हवा होता. तुळजाबाईला मृणालिनीचा हरवलेला भाऊ परत यायला हवा होता. अनुसयानं लकवा दिला, मग तिलाच ते सोपं वाटलं आणि तिनं तो काढून टाकला. प्रयागबाई दोन दिवस रुसली. भाऊ आला, पण त्याच्या बायकोनं मृणालिनीला घरात घेतलं नाही. त्यावर तुळजाबाई म्हणाली, "हे मातर खरं लिवलं."

गोपिका काही मागत नसे. ती प्रश्न विचारायची.

"तिले एक पोरगी दे," एक दिवस ती म्हणाली. हे एकच तिनं मागितलं.

"छापलेल्यात तिले लेकरू नाही, गोपिका."

"म्हणून तं तिले घर सोडणं सोपं झालं. सोप्याचं काय ऐकायचं?"

गोपिकाला वेणू नावाची पाच वर्षांची मुलगी होती. ती आईच्या मागं बसून तुटक्या सुताचे गोळे करत असायची. अनुसयानं मागची पानं काढली, पुन्हा लिहिली आणि मृणालिनीला एक मुलगी दिली. गोष्ट जड झाली, पण चांगली झाली. हे तिचं तिलाही कळलं.

मृणालिनीनं घर सोडलं, तेव्हा गोपिकाचे प्रश्न वाढले. निघाली तेव्हा घरी कोण होतं? पोरगी रडली नाही का? सोबत काय नेलं? बसमध्ये कोणी ओळखीचं भेटलं तं काय सांगितलं? प्रत्येक प्रश्नाला अनुसया घरी जाऊन उत्तर शोधायची. पोरीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की मामाकडं जायचं आहे. सोबत पितळी डबा, त्यात भाकरी आणि तिखट. ओळखीचं भेटलं तर 'नणंदेच्या बाळंतपणाला' म्हणायचं. आपल्याला इतकं सुचतं, याचं तिला नवल वाटायचं. छापलेल्या लेखकाला असं कोणी विचारत नसणार, असंही तिच्या मनात यायचं, आणि त्या लेखकाची तिला थोडी कीव वाटायची.

"पण गेली कुठं?" गोपिकानं विचारलं.

कोकण अनुसयाला माहीत नव्हतं. तिनं मृणालिनीला सावनेरला आणलं. लहानपणी मामाच्या गावी जाताना तिथं बस बदलावी लागे. बाजारापासून आत गेलेली एक गल्ली, टोकाला मोठा निंब, त्याच्यासमोर पांढऱ्या चुन्याचं, कौलारू, निळ्या दाराचं एक घर तिच्या डोळ्यांपुढं होतं. त्या घरात तिनं शिवणकामाचं केंद्र घातलं. ते चालवणारी वसुधाताई नावाची विधवा बाई घातली. मृणालिनी निळं दार वाजवते, वसुधाताई दार उघडते, तिच्याकडं पाहते, पोरीकडं पाहते आणि म्हणते, "आत ये. आधी पोरीला खाऊ घाल, मग बोलू."

हा भाग तिनं चारदा लिहिला. पहिल्यांदा वसुधाताई फार बोलत होती, नाव-गाव विचारत होती. गोपिका म्हणाली, "इतकं विचारलं तं ती तिथूनच पळन." मग अनुसयानं सगळे प्रश्न काढले. शेवटी ते एक वाक्य उरलं. त्या दिवशी प्रयागबाईनं पदर डोळ्यांना लावला. गोपिकानं फक्त विचारलं, "ते घर स्टँडपासून किती दूर आहे?"

"पायी जाता येते," अनुसया म्हणाली. आपलं लिहिणं किती खरं वाटू लागलं आहे, याचा तिला अभिमान वाटला. दुसरं काही तिच्या मनात आलं नाही.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात एके दिवशी गोपिका आणि वेणू घरात नव्हत्या. बळीराम दिवसपाळीहून आला तेव्हा चूल थंड होती. त्यानं आधी अनुसयाचं दार वाजवलं, मग सगळ्या गल्लीचं. पितळी डबा घरात नव्हता, हे मागच्या गल्लीतून धावत आलेल्या त्याच्या आईनं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा अनुसया भिंतीला टेकून खाली बसली. ईश्वरदासनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. चक्कर आली."

तिसऱ्या दिवशी बळीरामचा एक ओळखीचा माणूस दोघींना घेऊन आला. त्याला त्या सावनेरच्या बसस्टँडवर दिसल्या होत्या. वेणूला ताप भरला होता. गोपिका मान खाली घालून घरात गेली. त्या रात्री बळीरामला पाळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या मंडपात पंच बसले. त्यांत मोठे नत्थूजी. सगळ्या कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या त्या वस्तीत, त्यांचा शब्द चालायचा. मुलीचं लग्न जुळवायचं असो की कोणाला पंगतीतून उठवायचं असो, विचारायचं नत्थूजींनाच. माणसं सतरंजीवर बसली, बायका मंडपाच्या कडेला उभ्या राहिल्या. गोपिका मधोमध बसली होती. तिच्या एका बाजूचा गाल काळानिळा झाला होता.

"कोणाकडं गेली होती?" नत्थूजींनी विचारलं.

"शिवणाच्या केंद्रात."

"कोणतं केंद्र? सावनेरले असं केंद्र नाही. आमी विचारलं."

"आहे म्हणून लिवलं होतं," गोपिका म्हणाली. "अनुसयावहिनीनं वाचलं होतं. चांगल्या घरची बाई चालवते ते. मी वाईट जागी गेली नाही, बाबाजी. त्याइलेच विचारा."

ती अनुसयावर काही ढकलत नव्हती. आपण कुठं गेलो होतो याचा साक्षीदार ती दाखवत होती. पण मंडपातल्या सगळ्या माना अनुसयाकडं वळल्या.

बळीराम उठून उभा राहिला. "म्हणजे हे घर शिकवते. ईश्वरभाऊ, तुमच्या घरून माह्या बायकोले पळायचं सांगून राहिले."

नत्थूजींनी हातानं त्याला बसवलं. "ईश्वरदास, ते कागद आण. सगळ्याइसमोर वाचून होऊ दे. बाईले घर सोडायचं शिकवलं असन, तं तुह्या घराशी आमचं जाणं-येणं बंद."

ईश्वरदास आणि अनुसया कागद आणायला घरी आले. ईश्वरदास मारहाण करणारा माणूस नव्हता, आवाजसुद्धा चढवत नसे. त्यानं फळीवरून कागद काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाला, "प्रेमिलाचं लग्न फाल्गुनात आहे. तिच्या सासरची माणसं बी बसली आहेत तिथं." प्रेमिला त्याची धाकटी बहीण. दाराला कडी लावून तो तिच्या पुढं चालू लागला.

मंडपात अनुसयाला कंदिलाजवळ बसवलं. तिनं ते पान काढलं. अक्षरं तिची, वाक्यं तिची, पाठ झालेली. तिनं सुरुवातीपासून वाचलं. मृणालिनी पोरीचा हात धरून बाजारातून चालली आहे, गल्ली, निंब, निळं दार. इथपर्यंत जसं लिहिलं होतं तसं. गोपिकानं मान वर केली होती आणि ती अनुसयाच्या तोंडाकडं पाहत होती.

"दार वाजलं," अनुसयानं वाचलं. "वसुधाताईंनी दार उघडलं. त्या म्हणाल्या, 'बाई, आपलं घर ते आपलं घर. नवरा कसाही असला तरी त्याचं छत्र ते छत्र. पोरीला घेऊन माघारी जा.' मृणालिनीचे डोळे उघडले. तिनं वसुधाताईंना नमस्कार केला आणि परतीची बस धरली."

कागदावर यातलं काहीच नव्हतं. ती वाचत गेली तसतसं ते आपोआप येत गेलं, एकामागून एक, नीटस, कुठं खाडाखोड नसलेलं. तिनं आवाजसुद्धा नेहमीसारखा लावला. परतलेल्या सुनेला पाहून सासू रडते, तिथवर गोष्ट आणून सोडली आणि कागदाची घडी घातली.

मंडपाच्या कडेला प्रयागबाई उभी होती, तुळजाबाई उभी होती. ओसरीवर बसणाऱ्या सगळ्याच होत्या. त्यांनी खरं काय होतं ते ऐकलेलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही.

नत्थूजींनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "गोष्टीत तं माघारी जा म्हटलं आहे. चांगलंच लिहिलं आहे. ह्या बाईनं उलटं ऐकलं, नाही तं हिच्या मनात दुसरंच काही होतं."

"तसं नव्हतं," गोपिका म्हणाली. "ते तसं नव्हतं वाचलं. वहिनी, सांग न."

अनुसयानं घातलेली घडी पुन्हा घातली.

निकाल झाला. बळीरामनं गोपिकाला घरात ठेवावं, मारू नये. पण जी बाई लेकराला घेऊन कुठंही निघून जाते, तिच्याजवळ लेकरू राहू नये. तिचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत वेणूनं उमरेडला आत्याकडं राहावं. दुसऱ्याच दिवशी ताप उतरायच्या आधी वेणूला नेलं. ती आईकडं वळून वळून पाहत होती. तिला वाटत होतं, आई मागून येणार आहे.

ईश्वरदासचं घर पंगतीत राहिलं. त्या रात्री तो म्हणाला, "तुले लिहायचं असन तं लिही. मोठ्यानं वाचू नको." अनुसयानं त्यानंतर एक ओळही लिहिली नाही. ओसरी रिकामी पडली. बायका आपापल्या घरी कांड्या भरू लागल्या.

नळावर गोपिका दिसायची. अनुसयाला पाहिलं की ती आपला पाण्याचा गुंड सरकवून जागा द्यायची, बोलायची नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी नळावर दोघीच होत्या. अनुसयाला राहवलं नाही.

"गोपिका, मी घाबरली होती वं."

गोपिका पाणी पडताना पाहत राहिली. "समदं तसंच होतं," ती म्हणाली. "बाजार, गल्ली, निंब. निळं दार बी. मी दार वाजवलं, तं एक म्हातारा आला. म्हणे, इथं कापसाचं गोदाम आहे. मले वाटलं तो खोटं बोलून राहिला. बाकी सारं तं बरोबर होतं न. वेणूले घेऊन मी निंबाखाली बसली. म्हटलं, वसुधाताई कुठं गेल्या असतील तं येतील. अंधार पडला तरी बसली होती."

"घर मी पाहिलं होतं लहानपणी. केंद्र मनानंच लिहिलं."

"ते समजलं आता." तिनं गुंड उचलून काखेत घेतला. "त्याचं काही नाही, वहिनी. गोष्ट होती ती, मीच खरी धरली. पण मंडपात तू एकदा बी अडखळली नाही. मले वाटलं होतं, तिथं येऊन तुही जीभ अडन."

ती गेली. अनुसयाचा गुंड भरून वाहत होता, तो बाजूला करायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसया नत्थूजींच्या घरी गेली. ते मागावर बसले होते. ती दाराजवळ उभी राहून म्हणाली, "बाबाजी, त्या दिवशी मी लिहिलं होतं ते वाचलंच नाही. गोपिका खरं बोलत होती. त्यात वसुधाताई तिले घरात घेते."

नत्थूजींनी आडवं सूत फेकायचा धोटा हातात धरून ठेवला. "मले समजलं होतं, बाई. मले वाचता नाही येत, पण दिसते तं. तू एकदा बी पान उलटवलं नाही."

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

"बोललो असतो, तं ईश्वरदासचं घर बसलं असतं. प्रेमिलाचं लग्न मोडलं असतं. बळीरामनं तिले घराबाहेर काढलं असतं. तू जे वाचलं त्यानं सगळ्याइचंच भागलं."

"गोपिकाचं नाही भागलं."

"नाही," नत्थूजी म्हणाले. "आता वेणूले परत आणायचं म्हणजे पंचाईत खोटी पडते. वर्षभर जाऊ दे. मंग पाहू." आणि त्यांनी माग चालवायला सुरुवात केली. त्या आवाजात पुढचं काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

अनुसयानं हे गोपिकाला जाऊन सांगितलं. गोपिका म्हणाली, "वर्षभर," आणि हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

प्रेमिलाचं लग्न फाल्गुनात झालं. गोपिका पंगतीत वाढायला होती. चैत्र लागला आणि एक दिवस बळीराम रात्रपाळीहून आला, तर घराला बाहेरून कडी. या वेळी तिनं डबा नेला नव्हता. काहीच नेलं नव्हतं. उमरेडहून त्याच दिवशी निरोप आला, वेणू शाळेत गेली ती घरी आलीच नाही. शाळेसमोरच्या चणेवाल्यानं तिला एका बाईसोबत जाताना पाहिलं होतं. बाईनं तोंडावरून पदर घेतला होता.

बळीरामनं सावनेर पालथं घातलं. गोपिकाचा भाऊ कुहीला होता, त्याच्याकडं दोनदा गेला. कुठं पत्ता लागला नाही. पंच पुन्हा बसले, पण कोणाला काही विचारावं असं त्यांच्याजवळ नव्हतं.

मग बातम्या येऊ लागल्या. कोणी म्हणालं, गोंदियाला विडीच्या कारखान्यात दिसली. कोणी म्हणालं, बल्लारशाच्या गाडीत एका बाईच्या मांडीवर वेणूसारखी पोरगी झोपली होती. नळावर, दुकानात बायका त्यावर बोलत. तुळजाबाईला गोंदिया पटत होतं, कारण गोपिकाची बोटं चपळ होती. प्रयागबाई म्हणायची, तिनं दुसरं घर केलं असेल. एखादीनं सांगितलं की दुसरी तिला विचारायची, मग राहायला कुठं असन, पोरीची शाळा कशी होत असन. आणि बोलता बोलता सगळ्या अनुसयाकडं पाहायच्या.

"तुले काय वाटते वं?"

"मले माहीत नाही," अनुसया म्हणायची.

"पण काही तं वाटत असन."

"नाही, मावशी."

मृगाच्या आधी कन्हानच्या नदीत एका बाईचं प्रेत सापडलं. बरेच दिवस पाण्यात राहिल्यानं चेहरा ओळखू येत नव्हता. पोलिसांनी बळीरामला बोलावलं, तर तो पिऊन पडला होता. मग त्यांनी शेजाऱ्यांपैकी कोणी बाई असेल तर घेऊन या म्हणून निरोप पाठवला. कोणी तयार होईना. अनुसया म्हणाली, "मी जाईन." ईश्वरदास तिच्यासोबत गेला.

ठाण्याच्या मागं शेडमध्ये प्रेत झाकून ठेवलं होतं. ईश्वरदास बाहेरच थांबला. हवालदारानं चादर बाजूला केली आणि तिला पाहायला सांगितलं. अनुसयानं पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, हातांकडं. गोपिकाच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर चरख्याच्या टोकदार चातीनं पडलेला जुना, खोल व्रण होता. कांड्या भरताना शेजारी बसून अनुसयानं तो रोज पाहिला होता. या बाईची तर्जनी फुगली होती, पण कातडी अखंड होती. शिवाय ही बाई गोपिकापेक्षा चांगली वीतभर उंच होती. अनुसयानं पुन्हा पाहिलं, दुसरा हातही पाहिला. मग ती म्हणाली, "ही ती नाही."

"नक्की?" हवालदारानं विचारलं.

"नक्की."

बाहेर आल्यावर ती भिंतीच्या सावलीत बसली. ईश्वरदासनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गल्लीत परत आली तेव्हा बायका तिच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. चरखे आणले नव्हते. प्रयागबाईनं पाण्याचा गिलास तिच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसली.

"गोपिका नव्हती," अनुसया म्हणाली. "दुसरीच कोणी बाई होती. बोटावर व्रण नव्हता, अन् उंच होती."

कोणी सुटकेचा श्वास टाकला नाही. तुळजाबाईनं खाली पाहिलं. प्रयागबाई अनुसयाच्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिली. मंडपात गोपिका पाहत होती, तशीच.

"खरंच नव्हती का वं?" ती हळूच म्हणाली. "का आमाले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली?"

"खरंच नव्हती, मावशी."

"उंच होती म्हणतं?"

"हो. वीतभर."

"अन् व्रण नव्हता."

"नव्हता."

प्रयागबाईनं मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी. एकेक करत बायका उठल्या. तुळजाबाई दारात थांबली, मग तीही पायरी उतरून गेली. संध्याकाळी नळावर बायका काय बोलत होत्या, ते अनुसयाच्या कानावर आलं. कन्हानला सापडली ती गोपिकाच होती, आणि अनुसयानं नाही म्हणून सांगितलं.